सांवरीचें फूल आणि त्याचें बीं

माघ-फाल्गुनांत पौडाहून ताम्हिणीकडे जातांना निष्पर्ण सांवरीचे वृक्ष लाल फुलांनीं डवरलेले दिसतात. खालीं फुलांचा सडा पडलेला पाहून पुष्कळांस वाटतें कीं, वृक्षाचा बहर सरला. वस्तुतः त्याच्या खऱ्या कार्यास तेव्हांच आरंभ झालेला असतो.

सांवरीच्या फुलांत पांच जाड पाकळ्या, अनेक पुंकेसर व मध्यभागीं स्त्रीकेसर असतो. मधाच्या लोभानें दिवसा मैना, बुलबुल, कोतवाल येतात; रात्रीं वटवाघुळें येतात. त्यांच्या अंगास चिकटलेले परागकण दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पडतात. तेथें परागकणांतून एक सूक्ष्म नलिका फुटते व खालीं उतरत बीजाशयांतील बीजांडास जाऊन मिळते. तिच्यांतून दोन पुंबीजें येतात. एकाचा अंडाशीं संयोग होऊन गर्भ बनतो. दुसऱ्याच्या संयोगापासून गर्भाचें अन्न तयार होतें. हें दुहेरी फलन रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनीं १८९८ सालीं प्रथम दाखविलें.

आतां पाकळ्या व पुंकेसर यांचें प्रयोजन उरत नाहीं. ते गळून पडतात. ज्या फुलाचें फलन झालें नाहीं, त्याचा बीजाशयहि गळतो. फलित बीजाशय मात्र फांदीवर राहून वाढूं लागतो. बीजांडाचें बीं होतें, त्याच्या आवरणाची साल होते आणि बीजाशयाच्या भिंतीचें बोंड बनतें. कपाशीचे तंतु बियांच्या सालीवर उगवतात. सांवरीचे तंतु बोंडाच्या आंतल्या भिंतीवर उगवतात, हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. चैत्र-वैशाखांत बोंड पांच फांकांनीं उकलतें आणि वारा कापसासह बीं दूर नेतो. लवकरच पाऊस येतो व त्यास ओल मिळते.

होळी फाल्गुनी पौर्णिमेस येते. कांहीं ठिकाणीं होळीसाठीं सांवर तोडण्याची चाल आहे. त्या वेळीं वृक्षावर फुलें व कोंवळीं बोंडें असतात. म्हणून तेव्हां एक वृक्ष पडला, तर त्याचें त्या वर्षाचें सर्व बीं त्याबरोबर नष्ट होतें. तसेंच गलोलीनें मैना मारणारा मुलगा केवळ एक पक्षी मारीत नाहीं, तर पराग नेणारा दूतच मारतो.

विद्यार्थिमित्रहो, पुढील फाल्गुनांत सांवरीखालीं उभे राहाल, तेव्हां पायांखालच्या फुलांबरोबर वरच्या फांदीकडेहि पाहा. तेथें हिरवें बोंड दिसलें, तर उद्यांचा वृक्ष त्यांतच वाढत आहे असें समजा.