पाळीव सर्पास शीतनिद्रा आवश्यक आहे काय?

युरोप-अमेरिकेंत कित्येक लोक हौसेनें साप पाळतात. हिंवाळा जवळ आला कीं, त्यांच्यापुढें एक प्रश्न उभा राहतो: या प्राण्यास थंडींत निजूं द्यावें, कीं बाराही महिने उबेंत ठेवावें? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु उत्तर चुकल्यास एका मुक्या जिवाच्या प्राणांवर बेततें. म्हणून येथें त्याचा थोडा विचार करूं.

साप हा शीतरक्ताचा प्राणी होय. आपल्या देहांतील ऊब देहांतच उत्पन्न होते. सापास ती सूर्यापासून किंवा तापलेल्या जमिनीपासून घ्यावी लागते. हवा गार झाली म्हणजे त्याचें श्वसन, रक्ताभिसरण व पचन हीं सर्व मंदावतात. कॅनडांतील मॅनिटोबा प्रांतांत नार्सिस येथें गार्टर जातीचे साप हजारोंच्या संख्येनें चुनखडीच्या भेगांत खोल शिरून हिंवाळा काढतात, कारण तितक्या खोलीवर जमीन गोठत नाहीं. एप्रिलअखेरीच्या सुमारास ते बाहेर पडतात व लागलीच त्यांचा मीलनकाळ सुरू होतो. ही निद्रा सस्तन प्राण्यांच्या निद्रेहून निराळी आहे. मध्येंच ऊब आल्यास साप हालतो, पाणीही पितो. हा भेद दाखविण्याकरितां विल्बर मेह्यू यांनीं १९६५ सालीं ‘ब्रूमेशन’ हा स्वतंत्र शब्द योजिला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. त्याचें उत्तर सापाच्या मायभूमीवर अवलंबून आहे. बॉल पायथन हा लहानसा अजगर आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांतला. त्यास कडक हिंवाळा ठाऊकच नाहीं. थंडींत ठेविल्यास त्यास फुप्फुसांचा विकार जडण्याची भीति असते. उलट, कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागांतला; रानांत तो थंडीचे दिवस बिळांत काढतो. तथापि उबेंत ठेवून नियमित अन्न दिल्यास तोही निरोगी राहतो व वीस वर्षांपर्यंत जगूं शकतो. तात्पर्य, जगण्यासाठीं त्यास शीतनिद्रा अनिवार्य नाहीं. संततीची गोष्ट मात्र वेगळी. थंडीमागून येणारी ऊब हीच समशीतोष्ण प्रदेशांतील कित्येक सापांस मीलनाची सूचना असते. म्हणून पिलांची इच्छा असणारे पालक त्यांस मुद्दाम निजवितात.

परंतु हें काम सावधपणें करावें लागतें. प्रथम दोन-तीन आठवडे सापास उबेंतच ठेवून अन्न बंद करितात; कारण थंडींत पचन थांबलें म्हणजे पोटांतील भक्ष्य कुजतें व तेंच विष ठरतें. मग उष्णमान हळूहळू सुमारें १० ते १३ अंश सेल्सियसपर्यंत उतरवून दोन-तीन महिने अंधारांत, शांत जागीं ठेवितात. स्वच्छ पाणी सदैव जवळ असावें. आजारी, कृश किंवा नुकत्याच जन्मलेल्या सापांस निजवूं नये. सर्वांत वाईट ती अर्धवट थंडी: तींत धड पचन होत नाहीं, धड विश्रांतिही मिळत नाहीं, प्राणी मात्र झिजत जातो.

आमच्या विद्यार्थ्यांनीं हें वाचून साप पाळण्याचा मोह धरूं नये. नाग, धामण, अजगर इत्यादि देशी सापांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण असून त्यांस पकडून घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. मात्र एक बोध सर्वांनीं घ्यावा: ज्या प्राण्याची जोपासना करावयाची, त्याच्या मायभूमीचे ऋतु आधीं जाणून घ्यावे. केवळ आपल्या सोयीनें केलेली दया कित्येकदां क्रौर्याहून अधिक घातक ठरते.