ट्रायथलॉनची सायकल : भिशीच्या बजेटमध्ये

सुरुवातीलाच कबूल करते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाला पकडा!

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग पळणे. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला, तिथे १.५ किमी, ४० किमी आणि १० किमी. गोव्यात मिरामारला २०१९ साली ७०.३ सुरू झाली, तिच्यात सायकल ९० किमी. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ सीटवरच. त्यामुळे या खेळाचं वेड लागलं की पहिला प्रश्न येतो तो सायकलचा.

मलाही आला. त्यात आईची भिशी लागली आणि तिने ३०,००० रुपये माझ्या हातात ठेवले. एका सीनिअर दादाच्या ओळखीने सेकंडहँड कार्बनची ट्राय फ्रेम मिळत होती, २८,००० ला. नुसती फ्रेम! चाकं, गिअर माझ्या जुन्या ॲल्युमिनियमच्या सायकलचे काढून लावायचे. इतकी देखणी होती की मी तिथल्या तिथे २,००० ॲडव्हान्स देऊन आले.

रूमवर आल्यावर टेप आणि कॅल्क्युलेटर काढला. (हे आधी करायचं असतं.) फ्रेम ५४ साइजची आणि मी पाच फूट दोन इंच. सीट खाली घेता येते हो, पण हॅन्डल किती लांब आणि किती उंच हे मुख्यतः फ्रेमच ठरवते. पॅडलच्या आसापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत आडवं अंतर म्हणजे रीच, उभं अंतर म्हणजे स्टॅक. फ्रेम घेताना हे दोन आकडे बघा. ५४ हा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

आता फ्लुइड मेकॅनिक्स. सपाट रस्त्यावर ३० च्या स्पीडला आपण मुख्यतः हवेशी भांडतो, आणि त्या अडथळ्यातला साधारण तीन चतुर्थांश वाटा सायकलचा नाही, आपल्या शरीराचा असतो. ड्रॅग एरिया ०.३६ चौ.मी. धरला तर हवेसाठी सुमारे १२० वॅट लागतात. कोपर एरोबारवर टेकवून ०.२९ पर्यंत आणला तर ९६. टायरचं गणित त्याहून गमतीचं. मी, सायकल, बाटल्या मिळून ६५ किलो. रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक जाड, कडक टायरला ०.००८ धरला तर ४३ वॅट, चांगल्या टायरला ०.००५ धरला तर २७. आणि फ्रेम एक किलोने हलकी झाली तर? सपाटीवर ०.४ वॅट! घाटात फरक पडतो, पण मिरामारला कुठला घाट?

ट्राय फ्रेमचा खरा फायदा सीट ट्यूबच्या कोनात आहे. रोड सायकलला हा कोन ७३ अंशांच्या आसपास, ट्रायला ७६ ते ७८ किंवा जास्त. सीट पुढे आल्यामुळे वाकल्यावरही मांडी पोटात घुसत नाही. थोडंफार हे जुन्या सायकलवरही जमतं: सीट पुढे सरकवायची आणि किंचित वर घ्यायची. मात्र पुढच्या चाकावर वजन येऊन हॅन्डल चंचल होतं, आणि असे वरून बसवलेले एरोबार धरले की हात ब्रेकपासून दूर. म्हणून ट्रॅफिकमध्ये एरोबार बिलकुल नाही. मान आठवडाभर दुखली, ते वेगळंच. मग बार थोडे उंच केले.

अजून एक, सेकंडहँड कार्बनला आतून तडा असेल तर तो बाहेरून दिसेलच असं नाही. नाणं वाजवून बघतात, पण त्यावर २८,००० लावायची माझी तरी हिंमत नाही.

ॲडव्हान्स परत मिळाला नाही. "ठरलं होतं ना ताई," एवढंच उत्तर. एरोबार ३,५००, दोन टायर-ट्यूब ५,५००, चेन आणि ब्रेकच्या केबल्स १,०००. उरले १८,०००. त्यातून स्विमिंग पूलची फी भरावी असा माझा विचार होता. आईला फोनवर हिशोब सांगितला, २,००० चा आकडा जरा पटकन म्हटला.

"ते दोन हजार कसले?" आईने बरोब्बर तिथेच अडवलं.