भिंत चाटणारी कालवड

आमच्या दुबलगुंडीच्या दावणीला देवणी गाय म्हणजे घराची शोभा. माझी गाय शेवरा, पांढऱ्या अंगावर काळे डाग. तिला कालवड झाली, घर हरखलं. पण डेअरीला लिटर-दीड लिटर जादा घालायच्या हावेपायी मी दोन महिन्यांतच तिचं दूध एकदम तोडलं. पान्हा फुटेपर्यंत सड तोंडात द्यायचा, की लगेच ओढून खुंट्याला बांधायचं. पुढ्यात ज्वारीचा कडबा नि तुरीचं भुसकट. भूक लागली की खाईल, असा हिशोब.

पंधरा दिवसांत ती गोठ्याची भिंत चाटू लागली. चुना जाऊन आतली लाल माती उघडी पडली. केस राठ, पोट डेऱ्यासारखं. एकदा तर तोंडातून चिंधी ओढून काढली. मी दुकानातून टॉनिकची बाटली आणली, मान वर धरून नळकांड्यानं पाजली. तिला ठसका लागला, तेव्हाही मला कळलं नाही की असं औषध फुप्फुसात जाऊ शकतं. महिना गेला, फरक काही नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी शेण तपासलं. जंत निघाले. म्हणाले, "मालक, जंत आहेत नि खुराक नाही. टॉनिक करणार काय?" कडब्या-भुसकटात फॉस्फरस कमी, म्हणून ती माती चाटत होती. 'अ' जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यातून मिळतं, वाळल्या कडब्यात ते जवळजवळ नसतंच. 'ब' गटातली जीवनसत्त्वं जनावराच्या पोटातच तयार होतात, पण मोठं पोट नीट चालू झाल्यावर. आणि ते चालू होतं भरडा खाल्ल्यानं.

तेव्हा माझ्या चुकीवरून एवढं ध्यानात ठेवा.

जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पाजा. जंताचं औषध दहाव्या दिवसाच्या आसपास सुरू करा, मग डॉक्टरांना विचारून सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर भरडा पुढ्यात ठेवा. 100 किलोला मका 50, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड 30, गव्हाचा कोंडा 17, खनिज मिश्रण 2, मीठ 1. युरिया अजिबात नको.

वासरू सलग तीन दिवस अर्धा-पाऊण किलो भरडा खाऊ लागलं, की मगच दूध कमी करा. तेही दहा-पंधरा दिवसांत, हळूहळू. सोबत कोवळं कडवळ किंवा लसूणघास आणि स्वच्छ पाणी.

वासराला दिवसाला 20-25 ग्रॅम खनिज मिश्रण पुरतं. वरच्या किलोभर भरड्यातून 20 ग्रॅम जातंच, त्यामुळं वरून आणखी मुठी टाकू नका. जादा 'अ' जीवनसत्त्वही शरीरात साठून बाधतं.

माझी कालवड जगली. दुधाचे ते पैसे केव्हाच संपले, ती मात्र बरोबरीच्या कालवडींपेक्षा वर्षभर उशिरा गाभण राहिली.