साहेबांचा शब्द आणि सर्व्हे नंबर

भारतीय सेनेतील जवानाला किमान १५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन मिळते आणि बहुतेक जवान चाळिशीच्या अलीकडे-पलीकडेच निवृत्त होत असल्यामुळे, ज्या वयात इतर नोकरदार हप्ते फेडत असतात त्या वयात त्याच्या हाती एकरकमी पैसा येतो. या पैशाचा मोठा भाग ग्रॅच्युइटी आणि ‘कम्युटेशन’ यांतून येतो. कम्युटेशन म्हणजे पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा सरकारला विकून आगाऊ घेतलेली रक्कम होय. विकलेला हिस्सा १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो, तोवर दरमहा कपात सोसावी लागते. सरकारी क्वार्टर सोडण्याची वेळ आणि पैसा येण्याची वेळ साधारण एकच असते, हे जमिनीच्या दलालांना जवानाच्याही आधी ठाऊक असते.

प्रस्तुत लेखक आर्मी सर्व्हिस कोर या, सैन्याला शिधा, इंधन व दारूगोळा पोहोचवणाऱ्या दलात ड्रायव्हर होता. १९९९च्या कारगिल युद्धात श्रीनगर-लेह महामार्गावर, सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीची झोजिला खिंड ओलांडून द्रासकडे जाणाऱ्या ताफ्यांत त्याची गाडी असे. १३ जून रोजी तोलोलिंग शिखर परत घेतले जाईपर्यंत शत्रूला त्या उंचीवरून हा रस्ता दिसत असल्यामुळे ताफे रात्री, दिवे मालवून, पुढच्या ट्रकच्या मागच्या धुऱ्यावरील पांढरा रंग तेवढा नजरेत धरून चालवावे लागत. तशाही रात्री उताऱ्यावर पोहोचल्यावर किती किलोमीटर झाले, किती लिटर डिझेल घेतले, हे कार डायरीत, म्हणजे गाडीबरोबरच्या नोंदवहीत, लिहून सही घेतल्याशिवाय सुटका नव्हती. ज्या माणसाने तोफगोळ्यांच्या माऱ्यात लिटरालिटराचा हिशेब सहीनिशी दिला, त्याने पुढे आयुष्याची पुंजी जवळजवळ बिनसहीने दुसऱ्याच्या हवाली केली, याला केवळ लोभ म्हणून मोकळे होणाऱ्या नातेवाइकांनी बेंगळुरूतील घरभाडे कधी भरलेले नाही.

२००९मध्ये निवृत्त झाल्यावर लेखकाने २०१०मध्ये बेंगळुरू शहराबाहेर तीस बाय चाळीसची, म्हणजे १,२०० चौरस फुटांची, एक ‘साइट’ घेतली. बेंगळुरूत भूखंडाला साइट म्हणतात, आणि बिगरशेती न करता शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या भूखंडाला ‘रेव्हेन्यू साइट’. हा शेवटचा शब्द त्या वेळी कोणी उच्चारला नाही. मध्यस्थ स्वतः निवृत्त सुभेदार होते, ‘राम राम’ने बोलणे सुरू करत, ब्लेझरवर पदके लावून साइट दाखवायला येत, आणि पावती मागितली की दुखावल्यासारखे बघून म्हणत, “फौजी फौजीला फसवत नसतो.” वरिष्ठाकडे लेखी मागणे म्हणजे बेअदबी, ही सवय अंगात मुरलेली असल्याने मागणारा स्वतःच ओशाळत असे. (लेखकाच्या पत्नीने मात्र पावती दोनदा मागितली होती.) अखेर खरेदीखताऐवजी सर्वसाधारण मुखत्यारपत्र आणि नोटरी केलेला करार एवढेच हाती आले. अशा मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘सूरज लँप’ खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ रोजी स्पष्ट केले. लेखकाला ते कळायला आणखी दोन वर्षे गेली.

ते कळले सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत. जमिनीवरील नोंदणीकृत व्यवहार व बोजे दाखवणारा ‘ईसी’ नावाचा दाखला हाती पडला, तो कन्नडमध्ये होता, आणि घरात कन्नड वाचणारा एकच माणूस होता, तो म्हणजे आठवीतला मुलगा. तो ओळीखाली बोट ठेवून एकेक शब्द मराठीत सांगत होता, आणि एका ओळीवर थांबून त्याने विचारले, “बाबा, अडमान म्हणजे?” बाबांना माहीत नव्हते. खिडकीपलीकडच्या कारकुनाने मान वर न करता हिंदीत सांगितले, “गिरवी.” गहाणाची तारीख लेखकाच्या कराराच्या तीन वर्षे आधीची होती. मुलाला अर्थ समजला नव्हता. तो पुढची ओळ वाचू लागला.

कर्नाटकात सातबाऱ्याच्या जागी ‘पहाणी’ असते, आणि ‘खाता’ म्हणजे मालमत्ताकराच्या नोंदवहीतील नाव, मालकीचा पुरावा नव्हे, हा फरक महाराष्ट्रातून वा सीमाभागातून आलेल्या माणसाने आधी समजून घ्यावा. ईसी किमान ३० वर्षांचा, सर्व्हे नंबरनिशी, स्वतः अर्ज करून काढावा. दलालाने आणून दिलेली झेरॉक्स कागद म्हणून धरू नये. बिगरशेतीचा आदेश मूळ पाहावा. जमीन अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाला सरकारने दिलेली असेल तर १९७८च्या कायद्यानुसार शासनाच्या परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द होऊ शकते, आणि याची चौकशी सहसा कोणी करत नाही. २०१६च्या रेरा कायद्यानंतर ५०० चौरस मीटरहून मोठ्या लेआउटला नोंदणी क्रमांक लागतो, तो विचारावा. भाषा येत नसेल तर सही करण्यापूर्वी पैसे देऊन भाषांतर करून घ्यावे. शाळकरी मुलावर ते ओझे टाकू नये. घरच्यांशी सल्लामसलत करावी, हे सांगायला नकोच.

सर्वांत महाग पडली ती मुदत. पैसे परत मिळवण्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मर्यादा असते, आणि सुभेदारसाहेबांचे ‘दिवाळीनंतर बघू’ हे उत्तर बरोबर तेवढ्या काळाला पुरेल अशा बेताने येत राहिले. पोलीस ठाण्यात प्रकरण दिवाणी असल्याचे सांगून परत पाठवण्यात आले. म्हणून पहिले आश्वासन मोडताच वकिलामार्फत नोटीस द्यावी, ‘साहेबांना काय वाटेल’ हा विचार करू नये. साहेबांना काहीही वाटत नाही.

लेखक अद्याप एका आयटी पार्कच्या फाटकावर रात्रपाळी करतो. त्याची पूर्ण पेन्शन २०२४मध्ये पुन्हा सुरू झाली, साइटवर मात्र सर्व्हेचा दगड तेवढा आहे. दर २६ जुलैला, कारगिल विजय दिवशी, सुभेदारसाहेबांकडून मोबाइलवर ‘जय हिंद’ असा संदेश न चुकता येतो. वकिलांच्या सांगण्यावरून तो पुसलेला नाही.