स्टिअरिंग का थरथरते? दोष शोधण्याची रीत

सोलापूर-पुणे महामार्गावर मोटारीने वेग घेतला की कधी कधी स्टिअरिंग हातात थरथरू लागते. अशा वेळी एकामागून एक पार्ट बदलणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय. गिऱ्हाइकाचा पैसा जातो, दोष मात्र राहतो.

प्रथम थरथर केव्हा होते ते विचारावे. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास सुरू होऊन वेग बदलताच कमी होत असेल, तर बहुधा चाकाचे बॅलन्सिंग बिघडलेले असते. रिमचे पडलेले वजन, आत वाळलेला चिखल, खड्ड्यात वाकलेली रिम, टायरचा फुगा हे पाहावे. पुढची चाके मागे टाकून चालवावे. थरथर स्टिअरिंगऐवजी सीटखाली आली, तर दोष चाकातच आहे. फक्त ब्रेक दाबताना होत असेल, तर ब्रेक डिस्क तपासावी.

नंतर गाडी जॅकवर उचलून स्टँड लावावा. चाक वर-खाली धरून हलवावे. प्ले आढळल्यास सोबत्याला ब्रेक दाबायला सांगावे. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट संशयास्पद. डावी-उजवीकडे हलल्यास टाय रॉड एंड पाहावा. सांधे ढिले असताना अलाइनमेंट करणे व्यर्थ आहे.

टाय रॉड एंड निखळला तर गाडी ताब्यात राहत नाही. म्हणून आधी कारण, मगच पाना, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.