आचार्य धर्मानंद कोसंबी : निरोप आणि वारसा

शिक्षक नव्या कार्यासाठी निघतो, तेव्हा मागे काय ठेवून जातो? आचार्य धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्या चरित्रात आम्हांस याचे उत्तर सापडते. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबींनी श्रीलंकेत भिक्षुदीक्षा घेऊन पालीचे अध्ययन केले. पुढे कलकत्ता विद्यापीठातील अधिक वेतनाची नोकरी सोडून, सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा ५० रुपयांच्या साहाय्यावर ते महाराष्ट्रात आले. कारण बुद्धविचार मराठी जनांपर्यंत न्यावयाचा होता. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. १९१८ मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी ते पुन्हा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. पाली मात्र पोरकी झाली नाही. त्यांचे शिष्य पु. वि. बापट पुढे फर्ग्युसनमध्येच तो विषय शिकवू लागले.

मुरबे येथील आपल्या निवासी शाळेतूनही शिक्षक अन्यत्र जातात आणि घरापासून दूर राहणारी मुले हिरमुसतात. पालकहो, शिक्षक किती वर्षे राहिले, यापेक्षा त्यांचा पाठ पुढे नेणारा कोणी घडला का, हे पाहावे. माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत येऊन मुलांचा एक तास जरी घेतला, तरी गेलेल्या गुरुजनांचे अध्यापन येथे सुरूच राहील.