कूम इडवालचे धोंडे

इ. स. १८३१ च्या ऑगस्ट महिन्यात केंब्रिजचे भूविज्ञानाचे प्राध्यापक ॲडम सेजविक उत्तर वेल्सच्या डोंगराळ प्रदेशात खडकांच्या पाहणीसाठी गेले. सोबत नुकताच पदवीधर झालेला बावीस वर्षांचा तरुण होता, चार्ल्स डार्विन. कूम इडवाल ही तेथील वाडग्यासारखी खोलगट दरी असून तिच्या तळाशी एक सरोवर आहे. या दरीत दोघांनी कित्येक तास खडक तपासण्यात घालविले, असे डार्विनने पुढे आत्मवृत्तात सांगितले आहे.

हा प्रदेश पाटीच्या दगडाचा. शाळेतील पाटी होते तोच हा दगड. मुळात तो समुद्रतळाशी साचलेला चिखल होय. भूकवचाच्या हालचालींत तो प्रचंड दाबाखाली सापडला, आणि त्यातील चपट्या खनिजांचे कण दाबाच्या दिशेशी काटकोन करून एकाच रोखाने बसले. त्यामुळे छिन्नीच्या घावासरशी त्याचे पातळ पापुद्रे निघतात. परंतु हे पापुद्रे म्हणजे मूळचे थर नव्हेत, आणि नवशिक्याची फसगत होते ती येथेच. मूळ थर ओळखावयाचे ते रंगाच्या व कणांच्या पट्ट्यांवरून. या पट्ट्या पुष्कळदा पापुद्र्यांना तिरप्या छेदून जातात. इ. स. १८३५ मध्ये सेजविक यांनीच हा भेद स्पष्टपणे मांडला.

त्या दिवशी त्यांना हवे होते जीवाश्म. त्यांवाचून थरांचे वय ठरविणे दुर्घट. सभोवती पसरलेल्या धोंड्यांकडे मात्र दोघांचेही लक्ष गेले नाही. हिमनद्यांनी एके काळी हा प्रदेश व्यापला होता, ही कल्पना तेव्हा रूढ नव्हती हे खरे. तथापि धोंडे तर समोरच होते!

इ. स. १८४० मध्ये स्विस शास्त्रज्ञ लुई आगासी याने ब्रिटनमध्ये येऊन प्राचीन हिमनद्यांचा सिद्धांत मांडला. दोन वर्षांनी डार्विन त्याच दरीत परतला. आता त्याला घासून गुळगुळीत झालेले खडक दिसले, त्यांवरील ओरखडे दिसले, अडचणीच्या जागी विसावलेले धोंडे आणि बर्फाने लोटून आणलेल्या दगडमातीचे बांधही दिसले. इतकी ढळढळीत चिन्हे पहिल्या खेपेस आपल्या नजरेतून कशी निसटली, याचे त्याला वृद्धपणीही नवल वाटत असे.

नदीने आणलेला गोटा वाटोळा असतो व बहुधा आपल्याच आकाराच्या गोट्यांत सापडतो. बर्फाने आणलेल्या धोंड्याच्या बाजू कोठे कोठे सपाट घासलेल्या असतात, त्यांवर चरे असतात, आणि त्याच्याभोवती बारीक मातीही असते.

आपल्या देशातही असे घडले. ओडिशातील तालचेर येथे बारीक चिखलाच्या खडकात रुतलेले मोठाले धोंडे आढळले, तेव्हा इ. स. १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड यांनी ते बर्फाने आणले असावेत असे अनुमान काढले. उष्ण देशात हे विधान धाडसाचेच होते. पुढे चंद्रपूरनजीक, पैनगंगेच्या परिसरातील इराई येथे, याच थराखालचा चुनखडक ओरखडलेला सापडला. वेल्समधील बर्फ वितळून सुमारे अकरा-बारा हजार वर्षे झाली. इराईचे ओरखडे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.